पंधरावा पॉइंट

१

शिरूरच्या एसटी स्टँडामागे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर आमची कंपनी. कंपनी आपली म्हणायला; खुर्च्या तीन आणि माणसं दोन. एक सत्यजीत, केंदूरचा, तो मालक. दुसरी मी, तेजश्री. मालकी सोडून बाकी सगळं माझ्याकडे.

आम्ही ‘फेरी’ नावाचं ॲप चालवतो. कारखान्यांचे, गोदामांचे वॉचमन दर दोन तासांनी आवाराला एक फेरी मारतात. आवारात ठरावीक जागी स्टिकर लावलेले असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. वॉचमनने पॉइंटला जायचं, फोन स्टिकरसमोर धरायचा आणि पुढे निघायचं. नोंद आमच्या सर्व्हरवर येते. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आठवड्याचा रिपोर्ट आपोआप सिक्युरिटी एजन्सीला जातो. चुकलेल्या फेरीला रिपोर्टात लाल चौकोन पडतो. एजन्सीवाले लाल चौकोनांची कारणं विचारत बसत नाहीत, सोमवारी नवा माणूस पाठवतात.

पोपटमामांच्या नावापुढे कधी लाल चौकोन पडला नव्हता. पोपटमामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ, मूळ निमोण्याचे. दौंडच्या अलीकडे, भीमेच्या बाजूला, पुठ्ठ्याचा एक कारखाना नऊ वर्षांपासून बंद पडलाय. तो चालू होता तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, मामा तिथं दिवसपाळीचे वॉचमन आहेत.

शुक्रवारी दुपारी चार वाजता त्यांचा फोन आला.

“तेजू, ते तुझं चाक फिरतंय.”

“कसलं चाक, मामा?”

“स्क्रीनवरचं गं. सोमवारपासनं नुसतं फिरतंय. मला वाटलं रेंज न्हाई. आज तुझी मामी म्हनली, पोरीला इचारा तरी.”

“पाच दिवस झाले आणि आज सांगताय?”

“मी कुठं तिकडं बगत बसतो? किल्ली फिरवायची आन् पुढं निघायचं.”

मामा अजून किल्लीच म्हणतात. पूर्वी वॉचमनच्या गळ्यात एक जड घड्याळ असायचं आणि प्रत्येक पॉइंटला साखळीने बांधलेली लोखंडी किल्ली. किल्ली घड्याळात घालून फिरवली की आतल्या कागदावर ठसा उमटायचा. मामा त्या घड्याळावर शिकले. ठसा उमटला का, हे उघडून बघायची तेव्हा सोयच नव्हती. त्यामुळे फोन हातात आला तरी ते त्याच्याकडे बघत नाहीत.

मी त्यांचं पान उघडलं. सोमवार ते शुक्रवार, सगळं लाल. सोमवारी काय बदललं होतं ते मला पक्कं माहीत होतं. मीच बदललं होतं.

२

सोमवारी आम्ही सर्व्हरपुढे लोड बॅलन्सर बसवला. तो म्हणजे वेशीवरचा रखवालदार. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती बंद पाकिटात येते, कुणी वाटेत वाचू नये म्हणून. रखवालदार वेशीवर पाकीट फोडतो आणि आतला कागद तसाच उघडा सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरला मात्र मी पूर्वीच सांगून ठेवलं होतं की उघडा कागद घ्यायचा नाही, “पाकिटातून पुढच्या दाराने ये” म्हणून परत पाठवायचा. मग तो बिचारा कागद परत पाकिटात शिरतो, वेशीवर येतो, रखवालदार पाकीट फोडतो आणि सर्व्हर पुन्हा म्हणतो, पुढच्या दाराने ये. याला अंत नाही.

उपाय एका ओळीचा. रखवालदार प्रत्येक कागदाला चिठ्ठी जोडतो, ‘हा पाकिटातून आला होता.’ त्या चिठ्ठीवर विश्वास ठेव, एवढं सर्व्हरला सांगायचं. ती ओळ मी लिहायला विसरले. रखवालदार दर अर्ध्या मिनिटाने आत हाक मारून विचारतो, आहेस ना? सर्व्हर त्यालाही तेच उत्तर द्यायचा, पुढच्या दाराने ये. उत्तर आलं म्हणजे आहे, असं धरून रखवालदाराने आठवडाभर हिरवा दिवा लावून ठेवला. म्हणून आम्हाला पत्ता लागला नाही. आणि चाचणीसाठी सगळ्यात आधी मामांचीच साइट निवडली होती मी. घरचं गिऱ्हाईक, काही बिघडलं तर ओरडणार नाही म्हणून.

ब्राउझर अशा वीसेक चकरांनंतर कंटाळतो आणि सोडून देतो. आमचं ॲप सोडत नाही. केंदूरकडे रेंज जाते-येते, म्हणून सत्यजीतने मर्यादाच काढून टाकली होती. दर पाच सेकंदांनी पुन्हा प्रयत्न, आत घेईपर्यंत. आणि प्रत्येक नोंदीबरोबर तिच्या चकरांचा आकडा.

म्हणजे मामांची एकही फेरी हरवलेली नव्हती. चौदा पॉइंट, दिवसाला सहा फेऱ्या, पाच दिवस. संध्याकाळची शेवटची फेरी झाल्यावर चारशे वीस नोंदी वेशीबाहेर गोल फिरत असायला हव्या होत्या. सोमवारच्या सकाळच्या नोंदीचा आकडा शहात्तर हजारांवर होता. मला हसू आलं, इतकं हायसं वाटलं. ओळ लिहिली की सगळ्या एकदम आत येणार, लाल चौकोन हिरवे होणार.

ओळ टाकण्याआधी मी नोंदी मोजल्या. चारशे एकवीस.

जास्तीची नोंद मामांच्याच नावावर होती. पॉइंट क्रमांक पंधरा. त्या आवारात चौदाच पॉइंट आहेत, यादी मी स्वतः टाइप केली होती.

३

बाकीच्या नोंदी दर पाच सेकंदांनी दार वाजवत होत्या. ही दर अकरा मिनिटांनी येई. सहा वाजून पाच मिनिटांनी आली तेव्हा तिच्या चकरांचा आकडा होता ब्याण्णव कोटी चौदा लाख सहा हजार तीनशे अकरा.

“मेमरीतला कचरा असेल,” सत्यजीत म्हणाला.

सहा सोळाला ती पुन्हा आली. तीनशे बारा. सहा सत्तावीसला तीनशे तेरा.

“कचरा एकेकाने वाढतो का रे?”

त्याने खुर्ची ओढली. मी मामांना फोन करून सांगितलं, तुमचा तो ड्युटीचा फोन अर्धा तास बंद ठेवा. त्यांनी बंद केला आणि स्क्रीनवरची गर्दी एका क्षणात थांबली. चारशे वीस नोंदी गप्प. माडीवरच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत राहिलो.

सहा अडतीसला पंधरा नंबर आला. कुठून आला, त्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

सत्यजीतने मोबाइलवर गुणाकार केला, पुसला, परत केला. मग मोबाइल माझ्यापुढे सरकवला. अकरा मिनिटांची एक चक्कर धरली, तर ब्याण्णव कोटी चकरांना एकोणीस हजार वर्षं लागतात. वर आणखी दोनशे त्र्याऐंशी.

मला तेव्हा भीती वाटली नाही, खरं सांगते. लहानपणी घोड धरणाच्या भिंतीवर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा वाटलं होतं, तसं वाटलं. काहीतरी फार मोठं आहे आणि आपण त्याच्या कडेला उभे आहोत.

“त्याला ब्लॉक कर आणि ओळ टाकून मोकळी हो,” सत्यजीत म्हणाला. आवाज मात्र त्याने खाली आणला होता.

ब्लॉक करता येत नव्हतं. ती नोंद मामांच्याच ओळखीने येत होती. ती अडवली की मामांच्या चारशे वीसही अडणार. आणि न अडवता ओळ टाकली, तर नसलेल्या पॉइंटची नोंद मामांच्या नावे रिपोर्टात जाणार. गेल्या वर्षी न्हावऱ्याच्या एका गोदामावर वॉचमनने स्टिकरांच्या झेरॉक्स काढून खुर्चीशेजारी चिकटवल्या होत्या. तेव्हापासून एजन्सीला खोट्या पॉइंटचा वास जरी आला, तरी माणूस त्याच दिवशी बाहेर. फेऱ्या कोऱ्या राहिल्या तर मामा कामचुकार, आणि पंधरा नंबर आला तर लबाड. बावीस वर्षांत एक फेरी न चुकवलेला माणूस. आणि हे सगळं माझ्या एका विसरलेल्या ओळीपायी.

मी स्वतःची समजूत काढली की कुणीतरी जुना फोन, जुना स्टिकर तिकडे ठेवला असेल. उद्या जाऊन बघू, पाचच्या आत सोक्षमोक्ष लावू.

४

शनिवारी चौफुला, पाटस करत साडेबाराला कारखान्यावर पोचले. एप्रिलचं ऊन. आवार चांगलं पंधरा-वीस एकरांचं, मधे पत्र्याच्या शेड, बॉयलरची चिमणी आणि सगळीकडे वेडी बाभूळ. फाटकाशी मामांची केबिन. आत एक खुर्ची, एक बाज, पाण्याचा माठ आणि त्यावर तांब्या.

“पानी पी आधी,” मामा म्हणाले. “तुझं यंत्र पळून जात न्हाई.”

मी पाणी पिता पिता विचारलं, “मामा, इथं पंधरावा पॉइंट आहे का?”

“चौदाच हायेत.”

“मग दुसरं कुणी फेरी मारतं का?”

त्यांनी टोपी काढून खिळ्याला लावली, परत काढून डोक्यावर घातली.

“रातच्याला खंडू असतो. पर तो फेरी मारत न्हाई, रातपाळीला तुझं ॲप न्हाई, वहीत सह्या करतो. आन् येतो कवा? सातची ड्युटी, आठला येनार. तवर मी हितंच. बदली आल्याबिगर पॉइंट सोडायचा न्हाई, हे आमचं पहिलं शिक्षन.”

“म्हणजे दुसरं कुणी नाही.”

“आसं मी म्हनलो का?” ते उठले. “चल. एक वाजला.”

५

पहिला पॉइंट केबिनच्या मागे, वजनकाट्यापाशी. भिंतीवर आमचा स्टिकर आणि त्याच्या शेजारी हातभर साखळीला लोंबणारी जुनी किल्ली, तिला पितळी बिल्ला. कुणी काढल्याच नव्हत्या त्या.

किल्ली झुलत होती.

वारा नव्हता. बाभळीचं पान हलत नव्हतं. मामांनी फोन धरला, खिशात टाकला आणि निघाले. दुसऱ्या पॉइंटला आलो तर तिथलीही किल्ली झुलत होती, नुकतंच कुणी हातातून सोडल्यासारखी. तिसऱ्यालाही तेच. मी मामांच्या तोंडाकडे बघितलं. ते बाजाराला निघालेल्या माणसाइतके निवांत होते.

“मामा, हे काय आहे?”

“फुडं चालतंय ते. मी मागनं. पयल्या वर्षापासनं आसंच हाय.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“कुनाला सांगू? एजन्सीला? ते इचारतील, मग तुमची काय गरज.” ते जरासे हसले. “तरी मी लई धावून बगितलं सुरवातीला. त्याच्या फुडं जाता येत न्हाई. पर पाऊल जुळलं ना, की चालायचा तरास व्हत न्हाई बग. साऱ्यांना ही फेरी अठरा मिनिटं लागती. मला अकरा.”

चालताना मी खाली बघितलं. पॉइंटापासून पॉइंटापर्यंत एक पायवाट गेली होती. बावीस वर्षं एका माणसाने दिवसातून सहा वेळा चालून पडते तशीच, असं मी स्वतःला सांगितलं. पण बॉयलरच्या मागे खडक उघडा पडला होता आणि वाट त्या काळ्या खडकातही उतरली होती, वीतभर खोल, गुळगुळीत. मामांच्या चपला त्यात बरोबर मधोमध पडत होत्या.

सहाव्या पॉइंटला माझं डोकं फिरलं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानायचं नाही, हा माझा स्वभाव. वाट तिथून कुंपणाकडे लांब वळसा घेते. मी वाट सोडून सरळ शेडमधून आडवी पळत सुटले. गंजलेले रोलर ओलांडले, हात खरचटला, आणि धापा टाकत नवव्या पॉइंटला पोचले.

किल्ली सरळ लोंबत होती. स्थिर.

मी समोर उभी राहिले. दूर मामांची खाकी टोपी सातव्याकडे सरकताना दिसत होती. एक मिनिट झालं असेल. पाखरं गप्प झाली. मग किल्ली वर उचलली गेली. साखळी सैल पडली, किल्ली माझ्या डोक्याच्याही वर जाऊन हवेत आडवी झाली आणि सावकाश फिरली, घड्याळात फिरवतात तशी, एक पूर्ण वेढा. मग खाली पडली आणि झुलायला लागली.

मी मागे सरले होते. घाबरून सरले असं म्हणता येणार नाही. आजोबा समोरून आले की आपण अंग चोरून वाट देतो, तशी दिली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि का येत होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

६

चौदावा पॉइंट झाला की पहिल्याकडे परतताना कुंपणाची भिंत मधेच थांबते. तिथं एक मोठा उभा खडक आहे. भिंत बांधणाऱ्यांना तो फोडता आला नसावा. त्यांनी दोन्हीकडून विटा आणून त्याला भिडवल्या.

मी त्या खडकासमोर थांबले. काळाकभिन्न, खरबरीत, पण एका जागी तळहाताएवढा भाग चकचकीत होता. रोजच्या वापरातल्या पाट्यासारखा झिजून आत गेलेला. येता-जाता हात लावून लावून दगड होतो तसा. मी हात वर केला. पोचेना. टाचा उंचावल्या, तरी दीड हात कमी पडला.

“इथं ते थांबतं,” मामा मागून म्हणाले. “घडीभर. मग परत चालाया लागतं.”

मी मोबाइलवर सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदींची यादी, उघडला. एक नऊ. पॉइंट पंधरा, आकडा एकाने वाढलेला. खाली सर्व्हरचं उत्तर तसंच, आठवडाभराचं. पुढच्या दाराने ये.

७

पावणेचारला मी मामांना सगळं सांगितलं. रखवालदार, पाकीट, चिठ्ठी, राहिलेली ओळ. लॅपटॉप बाजेवर होता. मामा खुर्चीत बसून, कुणी साक्ष देत असल्यासारखं ऐकत होते.

“म्हंजी ह्या दारानं आलं की त्या दारानं ये म्हनायचं. आन् त्या दारानं आलं की?”

“परत ह्या दाराने पाठवायचं.”

“आसं किती दिस चाललंय?”

मी आकडा सांगितला. वर्षंही सांगितली. “मामा, आमचा हा घोळ तर गेल्या सोमवारपासूनचा. त्याआधी याला कोण परत पाठवत होतं, ते मला माहीत नाही.”

“कोनी ना कोनी पाठवत आसंल. त्याला माणसं कमी पडत्यात व्हय?” त्यांनी माठाकडे बघितलं. “माझा आजा निमोण्यात कामाला जायचा. पाटलाच्या फुडच्या दाराला गेला की म्हनायचे मागनं ये. मागं गेला की म्हनायचे, हितं चुलीपाशी कशाला आलास, फुडं हो. दिसभर उनात घराला चकरा मारायचा. पानी मागाया. मला त्यानं सोता सांगितलंय. सांगताना हसायचा, पर मला हसू आलं न्हाई कवा.”

आमच्या घरात ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

“आत घे त्याला,” मामा म्हणाले.

“मामा, तुमच्या नावावर खोटा पॉइंट लागेल. एजन्सी काढून टाकेल तुम्हाला. मी दुसरी काहीतरी युक्ती करते, वेळ आहे अजून.”

“काढू दे. दाराशी आलेल्याला फिरवायचं न्हाई, तेजू. ते कोन हाय ते इचारायचं काम रखवालदाराचं. मी बावीस वर्सं त्याच्या मागनं चाललोय. मी सांगतो, त्याला आत घे.”

त्यांनी माठातून तांब्या भरला, केबिनच्या उंबऱ्याच्या आत ठेवला आणि खुर्ची भिंतीकडून ओढून मधोमध मांडली. मग बाज बाहेर काढून मला तिच्यावर बसवलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. चार अडतीसला पंधरा नंबर आला, परत गेला. आकड्याच्या शेवटी चारशे चौतीस. मी ती एक ओळ लिहिली. बोट बटणावर तीन-चार मिनिटं तसंच होतं. मग दाबलं.

मामांच्या सगळ्या नोंदी पावसाच्या सरीसारख्या आत आल्या. लाल चौकोन एकामागून एक हिरवे झाले. चार एकोणपन्नासला पंधरा नंबर आला, चारशे पस्तीस. सर्व्हर म्हणाला, ये.

केबिनचं दार माझ्यासमोर सावकाश लोटलं गेलं आणि बंद झालं. आत खुर्ची कुरकुरली, फार जड कुणीतरी बसावं तशी. मी लॅपटॉप छातीशी धरून बाहेर बाजेवर बसले होते, हे नशीबच म्हणायचं.

पाचला रिपोर्ट गेला. त्यात पंधराव्या पॉइंटचा मागमूस नव्हता. चौदा पॉइंट, सगळं हिरवं. मी आनंदाने मामांना हाक मारली. ते पाचच्या फेरीला निघाले होते. वळून न बघता त्यांनी हात केला आणि चालत राहिले. मला उशीर होत होता, मी गाडीला किक मारली.

८

साडेसातला घरी पोचले. हातपाय धुतले, चहा घेतला आणि सवयीने लॉग उघडला. पाचची फेरी नीट होती, चौदा पॉइंट. त्याखाली पाच अकराची फेरी. त्याखाली पाच बावीसची. दर अकरा मिनिटांनी एक, खंड न पडता. आता वेशीवर कुणी अडवत नव्हतं, चकरांचा आकडा शून्य यायला हवा होता. पाचच्या फेरीपुढे होतं ब्याण्णव कोटी चौदा लाख सहा हजार चारशे छत्तीस. पुढच्या फेरीपुढे सदतीस.

फोन लावला. त्यांनी उचलला. चालताना बोलत होते, पण धाप लागलेली नव्हती.

“मामा, ड्युटी संपली. घरी जा.”

“खंडू आलाय गं. पर ह्याची बदली त्याला न्हाई जमायची. त्याचं पाऊल जुळत न्हाई.” मग म्हणाले, “तू जेवन करून झोप. मला तरास न्हाई काय.”

सकाळी सहाला चांगुणामामीचा फोन आला. मामा रात्री घरी आले नव्हते. खंडूही रात्री दहालाच आवार सोडून पळाला होता.

आठला मी फाटकाशी होते. केबिनचं दार लोटलेलंच होतं. उंबऱ्यापाशी तांब्या उपडा पडला होता, थेंबही न सांडता रिकामा. आतून श्वास ऐकू येत होता. इतका लांब श्वास की एक आत जाईपर्यंत मी मनातल्या मनात चाळीस मोजले आणि बाहेर यायला पुन्हा चाळीस. दाराच्या फटीला डोळा लावता आला असता. मी लावला नाही.

वजनकाट्याच्या मागून मामा आले. टोपी नीट, चाल तीच, चेहऱ्यावर रात्रभराचा शीण कुठेच नाही. माझ्याजवळून जाताना त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

“हळू बोल. आत्ता कुठं झोप लागलीय त्याला.”

“मामा, घरी चला. मामी रडतेय.”

“बदली आल्याबिगर कसा येऊ?”

ते थांबले नाहीत. मी मागे निघाले. पहिल्या पॉइंटपासून चौदाव्यापर्यंत मी हाका मारत धावत होते आणि ते नुसते चालत होते. तरी अंतर कमी होईना. चौदावा झाला. खडकापाशी ते घडीभर थांबले. पोपटमामा माझ्याहून चार बोटं ठेंगणे आहेत. त्यांनी हात वर केला, आणि हात त्या चकचकीत जागेवर सहज टेकला.

मी बघत राहिले. ओरडायचं होतं, पण केबिनमध्ये कुणीतरी झोपलं होतं.

मोबाइल थरथरला. एजन्सीचा मेसेज होता: या साइटचं काम उत्तम, हाच माणूस कायम ठेवावा. मी तो वाचला, मोबाइल खिशात टाकला आणि चपला काढून हातात घेतल्या. खडकापासची वाट अनवाणी पायांना गार लागली. पुढे मामांनी हातातून सोडलेली पहिल्या पॉइंटची किल्ली झुलत होती. मामांचं डावं पाऊल पडलं की माझं डावं, उजवं पडलं की उजवं. पहिल्या फेरीला मला सतरा मिनिटं लागली. दुसरीला पंधरा लागली.